ओस पडलेल्या खाणी आणि तरुणांचा उद्योग



पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींत वसलेल्या मावळ तालुक्याचे आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ असे तीन भाग लोक पूर्वापार मानीत आले आहेत. त्यांपैकीं आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचें खोरें. टाकवे बुद्रुक सोडून वडेश्वर, सावळे, खांडी, कुसूर या बाजूस निघालें म्हणजे खालीं भाताचीं खाचरें, वर डोंगराचे कडे आणि मध्यें ठोकळवाडी धरणाचें विस्तीर्ण पाणी असा देखावा दृष्टीस पडतो. हें धरण टाटांच्या वीज कंपनीनें बांधिलें, आणि १९२२ सालापासून त्याच्या पाण्यावर घाटाखालीं भिवपुरी येथें वीज होऊं लागली. अशा रीतीनें या खोऱ्यानें दूरच्या शहरास उजेड दिला. पुढें शहरें वाढलीं, रस्ते रुंद झाले, कारखाने उभे राहिले. तेव्हां मावळानें त्यांस दगड, खडी आणि मुरूमही दिला. आतां येथील तरुण चाकण-तळेगांवच्या कारखान्यांत रोजगारासाठीं जातात. म्हणजे मावळ आपले हातही देत आहे. इतकें देऊन झाल्यावर गांवाकडे शिल्लक काय राहिलें, असा प्रश्न कोणाही विचारी मुलाच्या मनांत यावा. त्या शिलकेपैकीं एकाच गोष्टीचा विचार आज करावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे दगड काढून झाल्यावर टाकून दिलेली खाण.

खाण कशी होते व कशी ओस पडते

मावळचा सारा प्रदेश काळ्या फत्तराचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हां बाहेर आला, थरावर थर निवत गेला आणि त्याचा हा खडक बनला. भूगर्भशास्त्रज्ञ यास बेसाल्ट म्हणतात. तो कठीण असल्यामुळें इमारतींस व रस्त्यांस उत्तम. बोरघाटांतून पुण्याकडे येणारा लोहमार्ग १८६३ सालीं पुरा झाला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं संपूर्ण खुला झाला. अशा प्रत्येक मोठ्या कामास आसपासचाच दगड लागतो, कारण दगड हा माल असा आहे कीं, लांबून आणूं गेल्यास त्याच्या किंमतीपेक्षां गाडीभाडेंच अधिक होतें. म्हणून खाण नेहमीं कामाच्या जवळ निघते, आणि काम संपलें म्हणजे तीही संपते.

खाण उघडतांना प्रथम वरची माती व मुरूम काढितात. मग खडकांत भोंकें पाडून सुरुंग उडवितात, आणि निघालेलें डबर फोडून त्याची खडी करितात. चांगला दगड सरला, खालीं पाणी लागलें किंवा परवान्याची मुदत संपली म्हणजे यंत्रें हलतात, मजूर दुसरीकडे जातात आणि मागें उभ्या कड्यांचा एक खळगा राहतो. पुढच्या पावसाळ्यांत तो पाण्यानें भरतो. गुरें त्याच्या काठीं जाऊं लागतात, मुलें पोहावयास जाऊं लागतात, आणि कांहीं वर्षांनीं ही जागा कोणाची, तिचें काय करावयाचें, हें विचारणाराही कोणी उरत नाहीं.

याच तालुक्यांत कार्ले, भाजे व बेडसे येथें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं लेणीं आहेत. तींही याच काळ्या फत्तरांत खोदलेलीं आहेत. त्या कारागिरांस निघालेल्या दगडाची गरज नव्हती, मागें राहणारी पोकळी हवी होती. म्हणून छिन्नीचा पहिला घाव घालण्यापूर्वींच त्या पोकळीचा आकार त्यांच्या मनांत ठरलेला होता. खाणवाल्यास दगड हवा असतो. पोकळीचा विचार तो करीत नाहीं. मागें काय राहील याचा विचार एका ठिकाणीं आधीं झाला, दुसऱ्या ठिकाणीं तो करावयाचा राहून गेला. राहून गेलेला हा विचार आतां कोणीतरी केला पाहिजे, आणि ज्यांस त्या गांवांत पुढचीं पन्नास वर्षें काढावयाचीं आहेत त्या तरुणांनींच तो करणें योग्य होय.

प्रथम धोका, मग धंदा

पाण्यानें भरलेली खाण तळ्यासारखी दिसते, परंतु ती तळें नव्हे. तळ्याचा कांठ उतरता असतो. पाय टेकीत टेकीत माणूस आंत जातो व तसाच बाहेर येतो. खाणीचा कांठ म्हणजे भिंत. एक पाऊल गुडघाभर पाण्यांत, तर दुसरें दोन पुरुष खोल पाण्यांत, असा प्रकार तेथें असतो. पट्टीच्या पोहणाऱ्यासही बाहेर येण्यास पायरी सांपडत नाहीं. वरचें पाणी उन्हानें कोमट असलें तरी खालचें थंडगार असतें. त्यानें पायांत गोळे येतात. सुरुंगांनीं खिळखिळे झालेले धोंडे पावसांत सुटून खालीं येतात, तो धोका निराळाच. अशा खाणींत मुलें बुडाल्याच्या दुःखद वार्ता वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात.

म्हणून ओस खाणीच्या उद्योगाचा पहिला नियम हा, कीं कुंपण घातल्यावांचून कोणताही धंदा काढूं नये. सैल धोंडे जाणत्या माणसाकडून पाडून घ्यावे, एका बाजूनें भराव घालून पाण्यापर्यंत उतरती वाट करावी, आणि कांठावर दोर व हवा भरलेली रबरी नळी सदैव टांगलेली असावी. हा खर्च भांडवलाच्या यादींत सर्वांच्या आधीं लिहावा. जो हिशेब कुंपणाचा खर्च वगळून नफा दाखवितो, तो हिशेबच नव्हे.

दुसरा नियम असा, कीं खळगा दिसला म्हणून त्यांत कचरा भरूं नये. पुष्कळ गांवांस हा उपयोग सर्वांत सोपा वाटतो. परंतु खडकांतील भेगांतून पावसाचें पाणी खालीं झिरपतें, आणि जातांना तो कचरा ज्या ज्या वस्तूंनीं कुजला असेल त्यांचा अंश आसपासच्या विहिरींत नेऊन सोडितें. खाण एक वेळ रिकामी राहिली तर चालेल. विहीर नासली तर ती सुधारण्यास एक पिढीही पुरत नाहीं.

खाणीस विचारावयाचे चार प्रश्न

वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं, तसें उद्योग करणाऱ्यानें खाण तपासल्यावांचून बेत करूं नये. पहिला प्रश्न पाण्याचा: पाऊस संपल्यावर पाणी किती उंच असतें, आणि मे महिन्यांत किती उरतें? अखंड फत्तर पाणी धरून ठेवतो; भेगाळलेला किंवा सच्छिद्र खडक तें सोडून देतो. दुसरा प्रश्न खडकाचा: कडे पक्के आहेत कीं सुटणारे? तिसरा मातीचा: खाण उघडतांना काढलेली वरची माती कोठें टाकली आहे? ती ढिगाऱ्यांत असेल तर तेंच उद्यांच्या झाडांचें धन. चौथा प्रश्न मालकीचा: सातबाऱ्यावर ही जमीन कोणाची आहे? खाजगी, गायरान, सरकारी कीं वनखात्याची? या चार प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहिल्याशिवाय पांचवा प्रश्न, म्हणजे पैशाचा, विचारूं नये.

कोणी काय केलें

या बाबतींत इतरांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. आपल्या महाराष्ट्रांत कोल्हापूरचा रंकाळा तलाव सर्वांस ठाऊक आहे. हा तलाव मूळचा दगडाची खाण होता, अशी हकीकत तेथें परंपरेनें सांगतात. त्याच्याजवळच इराणी खण नांवाची जुनी खाण आहे. रंकाळ्याचें पाणी दूषित होऊं नये म्हणून गणेशमूर्तींचें विसर्जन या खणींत करण्याची व्यवस्था महानगरपालिकेनें केली. शहरास जें एक पाणी जपावयाचें होतें, त्याचा भार एका टाकाऊ खाणीनें उचलला. उपयोग म्हणजे केवळ पैसाच नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

गोव्यांत सांखळी येथें लोखंडाच्या खाणीची खोदून संपलेली जमीन कंपनीनें झाडें लावून पुन्हां हिरवी केली, आणि १९९९ सालीं त्या परिसरांत फुटबॉल शिकविणारी संस्था काढली. नागपूरजवळ सावनेर येथें वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीनें खाणीच्या आवारांत उद्यान केलें, आणि भूमिगत खाण कशी असते तें लोकांस पाहतां यावें म्हणून २०१६ सालीं राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहकार्यानें खाण-पर्यटन सुरू केलें. त्याच कंपनीनें पाटणसावंगी येथें खाणींतून उपसलेलें पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरण्याचा कारखानाही घातला. जें पाणी खाणवाल्यास अडचण म्हणून उपसून टाकावें लागे, तेंच विकण्याजोगा माल झालें.

हीं कामें मोठ्या कंपन्यांचीं झालीं. परंतु झारखंडांत रामगढ जिल्ह्यांत कुजूच्या परिसरांत घडलेली गोष्ट आपणांस अधिक जवळची आहे. तेथें कोळसा काढून सोडून दिलेल्या उघड्या खाणींत खोल पाणी सांचलें होतें. आसपासच्या तरुणांनीं एकत्र येऊन त्यांत मत्स्यपालन सुरू केलें. पुढें सरकारच्या मत्स्यखात्याच्या साहाय्यानें पाण्यावर तरंगणारे जाळ्यांचे पिंजरे बसविले आणि त्यांत मासे वाढविले. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, भांडवलही नव्हतें. जें होतें तें इतरांनीं टाकलेलें पाणी आणि एकमेकांवरचा विश्वास.

परदेशांतलीं दोन उदाहरणें थोडक्यांत सांगतों. कॅनडांत व्हँकूव्हर बेटावर बुचार्ट नांवाच्या गृहस्थाची सिमेंटसाठीं चुनखडी काढण्याची खाण होती. चुनखडी संपल्यावर त्याची पत्नी जेनी बुचार्ट हिनें घोडागाड्यांनीं शेतांतली माती आणवून त्या भकास खळग्यांत फुलबाग केली. १९२१ सालीं ती पुरी झाली आणि आजही जगांतील लोक ती पाहावयास जातात. इंग्लंडांत कॉर्नवॉल प्रांतीं चिनी मातीच्या एका जुन्या खाणींत ईडन प्रकल्प नांवाचें मोठें वनस्पति-उद्यान २००१ सालीं उघडलें. तेथें रोपांसाठीं मातीच नव्हती. ती खाणींतील टाकाऊ मालांत कुजलेला पाला-कचरा मिसळून तयार करावी लागली. जेनीबाईनें माती वाहून आणली, ईडनच्या लोकांनीं ती बनविली. झाडें मात्र दोघांनींही माती झाल्यावरच लाविलीं.

आंदर मावळांत काय करतां येईल

आपल्याकडील स्थिति चमत्कारिक आहे. लोणावळ्याच्या बाजूस वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही भात निघाल्यावर पुष्कळ खाचरें उन्हाळाभर कोरडीं पडून असतात. कित्येक वाड्यांत मे महिन्यांत बायकांस हंडे घेऊन लांब जावें लागतें. पाऊस डोंगरावरून जसा येतो तसा उतारानें निघून जातो. अशा मुलुखांत पाणी धरून ठेवणारा खळगा ही फुकट मिळालेली टांकी होय.

तिचें गणित करून पाहूं. समजा, एक खाण १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद आहे आणि पावसाळा संपतांना तींत सरासरी ४ मीटर पाणी असतें. म्हणजे १००, ६० व ४ यांचा गुणाकार करून २४,००० घनमीटर, किंवा २ कोटी ४० लाख लीटर पाणी झालें. डिसेंबर ते मे या काळांत उन्हानें सुमारें एक मीटर पाणी उडून जातें असें धरा. तें ६,००० घनमीटर झालें. उरलेल्या १८,००० पैकीं अर्धें पाणी माशांसाठीं व गुरांसाठीं राखलें, तर ९,००० घनमीटर शेतीस मिळेल. भाजीपाल्यास एकरीं सुमारें २,००० घनमीटर लागतें असें मानलें, तर चार एकर जमीन उन्हाळ्यांत हिरवी राहूं शकेल. खाण पाणी सोडणारी असेल तर हें गणित चुकेल. म्हणूनच पहिला प्रश्न पाण्याचा विचारावयास सांगितलें.

आतां माशांचें पाहूं. कटला, रोहू व मृगळ हे आपल्या देशांतील गोड्या पाण्याचे उत्तम मासे. कटला पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत आणि मृगळ तळाशीं. त्यामुळें तिघे एकत्र वाढविले तरी एकाच्या घासांत दुसरा तोंड घालीत नाहीं. बोटाएवढ्या झालेल्या पिलास या धंद्यांत बोटुकली म्हणतात. चांगल्या तळ्यांत हेक्टरीं पांच ते दहा हजार बोटुकली सोडण्याची रीत आहे. आपल्या कल्पित खाणीचें क्षेत्र ०.६ हेक्टर, म्हणजे कमींत कमी हिशेबानें ३,००० बोटुकली झाली. परंतु खाणीच्या तळाशीं चिखल नसतो, उथळ कांठ नसतो, आणि खोल पाण्यांत सूर्यप्रकाश पोहोंचत नाहीं. त्यामुळें माशांचें नैसर्गिक खाद्य तेथें थोडें होतें. म्हणून निम्मीच, १,५०० बोटुकली सोडावी. त्यांतील दोन तृतीयांश जगली आणि प्रत्येक मासा अर्धा किलो भरला, तर वर्षाचे ५०० किलो मासे होतील. वडगांव किंवा तळेगांवच्या बाजारांतील भाव विचारून या आंकड्यास गुणा, आणि त्यांतून बियाणें, खाद्य, जाळीं, राखण व कुंपण यांचा खर्च वजा करा. खाणीचा तळ धोंड्यांचा असल्यामुळें ओढावयाचें जाळें तेथें फाटतें. तरंगत्या पिंजऱ्यांत मासे ठेविल्यास ही अडचण येत नाहीं, परंतु पिंजऱ्यांतील माशांस सर्व खाद्य विकत द्यावें लागतें.

हा आंकडा पाहून कांहींजण निराश होतील. पांचशें किलो माशांवर पांच घरांचे संसार चालत नाहींत, हें खरें. तें आधींच कळावें म्हणूनच हिशेब केला. खाणीच्या उद्योगानें कोणी रातोरात श्रीमंत होणार नाहीं. परंतु भाताचें एक पीक, उन्हाळी भाजीचे चार एकर, मासे आणि कांठावरचीं झाडें अशीं चार उत्पन्नें एकत्र आलीं, तर दोन-तीन तरुणांस गांव सोडण्याची सक्ति राहणार नाहीं. भाताच्या बाबतींत तर वडगांव मावळ येथील भात संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. सर्वांच्या परिचयाचा इंद्रायणी तांदूळ तेथूनच निघाला.

ज्या खाणींत पाणी ठरत नाहीं तेथें झाडांचा विचार करावा. उघड्या खडकावर प्रथम कोण येऊन राहतो तें निसर्गाकडूनच शिकावें. सर्वांच्या आधीं येतें दगडफूल, जें आपल्या घरच्या गोड्या मसाल्यांत असतें. तें हळूहळू खडक झिजवितें. मग शेवाळ, गवत, आणि भेगांतून उंबर-पिंपळ येतात. या कामास निसर्गास शेंकडों वर्षें लागतात. माणसानें ढिगाऱ्यांतील माती परत पसरली, तींत शेण व पालापाचोळा मिसळला, उतारावर वाळा लावून माती बांधली आणि मग बांबू, करवंद, शिकेकाई लाविली, तर तेंच काम कांहीं वर्षांत होऊं शकतें. बांबू बुरुडकामास व मांडवास जातो. फुलोरा आला म्हणजे सातेरी मधमाश्यांच्या पेट्याही ठेवतां येतात.

कधीं कधीं खाणीचें धन दगडांतच लपलेलें असतें. आपल्या फत्तरांतील पोकळ्यांत सुंदर स्फटिक तयार होतात. बोरघाटाचा लोहमार्ग खणतांनाही तसे स्फटिक निघाले होते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हनसाइट नांवाचा निळाभोर, दुर्मिळ स्फटिक सांपडतो, आणि जगभरचे संग्राहक त्याची वाट पाहत असतात. नाशिक जिल्ह्यांत सिन्नर येथें गारगोटी नांवाचें अशा स्फटिकांचें संग्रहालयच उभें आहे. ज्यास मजूर कालपर्यंत खडी समजून फोडीत होता, तें ओळखणाऱ्याच्या हातीं रत्न ठरलें. मात्र लक्षांत ठेवा, कीं दगड व मुरूम हीं कायद्यानें गौण खनिजें आहेत. परवानगीवांचून तीं उचलून विकणें हा गुन्हा आहे. ज्ञानासाठीं पाहावें, विकावयाचें असल्यास आधीं तहसील कचेरींत जावें.

आणि कांहीं खाणींचें कांहींच न करणें हाच उत्तम उपयोग होय. पुण्यांतील वेताळ टेकडीवर जुन्या खाणींत पाणी सांचून पक्ष्यांचें वसतिस्थान झालें आहे. अशा ठिकाणीं कुंपण, सावधगिरीची पाटी आणि दुर्बीण घेऊन येणारे चार विद्यार्थी एवढेंच पुरे.

भांडवल व भागीदार

भांडवलाचें काय, असा प्रश्न साहजिकच येतो. याचें उत्तर मावळनेंच एकदां दिलेलें आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेंतून पैसा फंड निघाला; माणशीं एक एक पैसा मागून त्यांनीं रक्कम जमविली, लोकमान्य टिळकांनीं त्यांस पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना उभा राहिला. कांच म्हणजे तरी काय? वाळू, म्हणजे भुईंतलीच वस्तु. तिला कसब व उष्णता मिळाली तेव्हां तिचें मोल झालें. त्या कारखान्यांत शिकून तयार झालेल्या तरुणांनीं पुढें इतर ठिकाणीं तो धंदा नेला. अलीकडच्या काळांत याच तालुक्यांतील स्त्रियांनीं टाटा पॉवरच्या साहाय्यानें मावळ डेअरी ही दुधाची कंपनी स्थापिली. एका घरचें दूध थोडें, पण अनेक घरांचें एकत्र केलें म्हणजे त्याचा धंदा होतो. खाणीच्या कामांतही हेंच तत्त्व लागू आहे: एकट्यानें कर्ज काढूं नये, पांच-सात जणांनीं मिळून गट करावा, लहान वर्गणी ठेवावी, आणि जमाखर्चाची वही कोणीही केव्हांही पाहूं शकेल अशी ठेवावी. जमीन गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव आधीं करून घ्यावा. तोंडी परवानगीवर उभारलेला धंदा चांगला चालूं लागतांच तंट्यांत सांपडतो.

शुभवर्तमानांतील त्या सेवकाचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकिला आहे. धन्यानें दिलेलें द्रव्य त्यानें भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें, आणि तेंच त्याचें चुकलें. आमच्यापुढें तर जमीन खणलेलीच आहे. तींत द्रव्य पुरलेलें नाहीं, तर श्रम घातल्यास उगवूं शकेल अशी जागा आहे. ती न वापरणें हेंही पुरून ठेवणेंच होय.

भागीदार निवडतांना आणखी एका वर्गाची आठवण ठेवावी. ज्यांनीं उन्हांत बसून हा दगड फोडला, ते वडार व इतर खाणमजूर खाण बंद होतांच बिऱ्हाड उचलून दुसऱ्या खाणीवर जातात, आणि त्यांच्या मुलांची शाळा दर वेळीं मध्येंच तुटते. ही अडचण ओळखून संतुलन या संस्थेनें १९९७ सालीं वाघोलीच्या बाजूस खाणींवरच पाषाण शाळा सुरू केल्या. कोणता कडा पक्का, कोणता धोंडा सुटेल, पाणी कोठून झिरपतें, हें त्या मजुरांइतकें दुसऱ्या कोणासही ठाऊक नसतें. त्यांस गटांत रोजगारी म्हणून नव्हे, तर वांटेकरी म्हणून घ्यावें. त्यांत न्याय आहे, आणि व्यवहारही आहे.

सुट्टींतील अभ्यास

आतां या लेखाचा अभ्यास देतों. येत्या सुट्टींत आपापल्या गांवाजवळची एक ओस खाण निवडावी. वडील माणूस बरोबर असल्यावांचून तिच्याजवळ जाऊं नये, आणि पाण्यांत कोणीही उतरूं नये. कांठापासून दूर राहून पावलांनीं लांबी-रुंदी मोजावी; समोरच्या कड्यावर पाण्याची पातळी कोठें आहे तें टिपून, दिवाळींत, होळीच्या सुमारास आणि मे महिन्यांत अशी तीनदां ती नोंद करावी. ढिगाऱ्यांत माती आहे कीं नुसता चुरा, कोणतीं झाडें आपोआप आलीं आहेत, कोणते पक्षी दिसतात, तें लिहावें. तलाठ्याकडून मालकीची माहिती घ्यावी. म्हाताऱ्या माणसांस विचारावें, कीं खाण निघण्यापूर्वीं या जागीं काय होतें. मग चार प्रश्नांचीं उत्तरें व एका उद्योगाचा हिशेब, कुंपणाच्या खर्चासह, दोन पानांत मांडावा.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी असा कागद घेऊन आली, तर हा पोरखेळ म्हणून तो बाजूस ठेवूं नये; बसून त्यांतले आंकडे तपासावे, चूक असेल ती दाखवावी. जमीन विकून आलेला पैसा किती दिवस पुरतो, याचीं उदाहरणें मावळांत प्रत्येकाच्या ओळखींत आहेत. जी जागा विकत घेण्यास कोणी येत नाहीं, तिच्यापासूनही कांहीं करून दाखवितां येतें हें ज्या मुलानें एकदां हिशेबानें पाहिलें, तो आपली चांगली जमीन सहजासहजीं हातची जाऊं देणार नाहीं. खाणींतून मासे निघोत वा न निघोत, हा धडा त्यास मिळाला तरी अभ्यासाचे श्रम भरून पावतील.